वास येतो, हे सांगायचं कुणी?

१९९३ सालची भाऊबीज. गिरगावातल्या आमच्या चाळीतल्या दोन खोल्या माणसांनी भरल्या होत्या. बहिणीनं ओवाळलं, मी ताटात पाकीट घातलं, फराळाच्या बश्या फिरल्या. पाच वर्षांची भाची माझ्या मांडीवर येऊन बसली होती. तिच्या कानात काहीतरी गंमत सांगावी म्हणून मी वाकलो, तर तिनं झटकन मान फिरवली आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "मामा, तुझ्या तोंडाला घाण वास येतो."

बहिणीनं तिला धपाटा घातला. मेव्हण्यांनी समोरचा दिवाळी अंक उचलून डोळ्यांसमोर धरला. आईनं यंदा चकल्या कशा बिघडल्या, तो विषय काढला. मी हसलो, पण ते हसणंही तोंड मिटूनच.

रात्री सगळे गेल्यावर बायको म्हणाली, "अहो, पोरीला उगाच मार बसला. ती खरं तेच बोलली."

"म्हणजे तुला ठाऊक होतं?"

"तीन-चार वर्षं झाली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुम्हाला वाईट वाटलं असतं."

त्या वेळी मी सदतीस वर्षांचा होतो. एका बँकेत कॅशियरचं काम करत होतो. दिवसभर माणसं माझ्यासमोर येऊन बोलत आणि मी त्यांच्याशी. त्या रात्री अंथरुणावर पडल्या पडल्या मला काय काय आठवू लागलं. शेजारच्या टेबलावरचे सहकारी माझ्याशी बोलताना खुर्ची थोडी मागे का सरकवतात, लोकलमध्ये मी बोलायला लागलो की समोरचा खिडकीबाहेर का बघतो, कुणीतरी न मागता माझ्यापुढे बडीशेपेची डबी का धरतो. तीन-चार वर्षं अख्ख्या जगाला जे माहीत होतं, ते फक्त मला माहीत नव्हतं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच.

आज सत्तरीच्या उंबरठ्यावर उभा राहून हे लिहितो आहे, ते माझी फजिती सांगण्यासाठी नव्हे. तोंडाचा वास ही हसण्यावारी नेण्याची किंवा लाजेनं झाकण्याची गोष्ट नाही, असं माझं ठाम मत झालं आहे. ते मत बनायला एका माणसाची किंमत मोजावी लागली. त्याची गोष्ट पुढे येईलच.

आधी माझ्या उपचारांची कथा. दुसऱ्या दिवसापासून मी सल्ले गोळा करायला लागलो आणि सगळ्यांचं एकमत निघालं की हे पोटातून येतं. पोट साफ ठेवा. मग रात्री त्रिफळा, सकाळी कोमट पाण्यात लिंबू, जेवल्यावर ओवा, खिशात लवंगा आणि वेलदोडे. कुणी म्हणालं कांदा-लसूण सोडा, तोही सोडला. लवंगेनं वास पंधरा मिनिटं झाकला जाई आणि मग लवंगेसकट परत येई. पोटाच्या डॉक्टरांकडे झालो, तपासण्या झाल्या. पोटात काही सापडलं नाही. सात-आठ महिने असे गेल्यावर एका मित्रानं मला ओढून दादरला एका दंतवैद्याकडे नेलं. मी म्हणालो, "माझे दात कुठे दुखतायत?" तो म्हणाला, "दुखत नाहीत म्हणूनच चल."

डॉक्टरांनी तोंडात आरसा घातला आणि पाच मिनिटांत निकाल सांगितला. खालच्या दातांच्या आतल्या बाजूला कीटणाचा जाड थर, हिरड्या सुजून दातांपासून सुटलेल्या, त्या फटींत पू, एक अर्धवट वर आलेली अक्कलदाढ आणि तिच्या कडेला अन्न कुजून बसलेलं, आणि जिभेच्या मागच्या भागावर पिवळट साय. "पोटाला कशाला दोष देता? सगळा कारखाना इथंच आहे," ते म्हणाले.

तो कारखाना कसा चालतो, हे पुढे मी समजून घेतलं. आपल्या तोंडात असंख्य जीवाणू असतात. त्यांतल्या काहींना हवा सोसत नाही. ते दातांच्या फटींत, हिरड्यांच्या खाली आणि जिभेच्या मागच्या खरखरीत भागात दडी मारून बसतात. अन्नाचे कण, मेलेल्या पेशी, लाळेतली प्रथिनं यांचं ते विघटन करतात आणि त्यातून गंधकाचे वायू सुटतात. एक हायड्रोजन सल्फाईड, सडक्या अंड्यासारखा. दुसरा मिथाईल मरकॅप्टन, सडलेल्या कोबीसारखा. तोंडाला वास येणाऱ्या दहा माणसांपैकी आठ-नऊ जणांच्या वासाचं मूळ तोंडातच असतं. अन्ननलिका एरवी मिटलेली असते. त्यामुळे पोटातून सतत वास वर येणं हे क्वचितच घडतं. आपण मात्र पिढ्यान्पिढ्या पोटालाच जुलाब देत आलो.

लाळ हा तोंडाचा सफाई कामगार. झोपेत लाळ कमी होते, म्हणून सकाळी उठल्यावर सगळ्यांच्याच तोंडाला वास येतो. तो चूळ भरून, दात घासून, न्याहारी करून जातो. तो आजार नव्हे. पण दिवसभर पाणी न पिता चहावर राहणं, तोंडानं श्वास घेणं, रक्तदाबाची किंवा मनाच्या आजारांची काही औषधं यांनी तोंड कोरडं पडतं आणि वास मुक्कामाला येतो. उपवासाच्या दिवशी येणारा वास थोडा या कोरडेपणाचा आणि थोडा शरीर चरबी जाळू लागल्याचा. लसणाची गोष्ट निराळी. त्यातला एक गंधकाचा पदार्थ रक्तात मिसळतो आणि फुफ्फुसांतून श्वासावाटे बाहेर येत राहतो. म्हणून लालबागच्या खानावळीत सुक्या बोंबलाबरोबर लसणाची चटणी हाणल्यावर कितीही दात घासले तरी उपयोग नसतो. तो वास आपल्या वेळेनं जातो, आणि त्यात लाज वाटण्यासारखंही काही नाही.

तोंडाबाहेरची कारणं थोडी, पण दुर्लक्ष करण्याजोगी नाहीत. टॉन्सिलच्या खळग्यांत साचणारे पांढरे खडे, जुनाट सायनस, घशात उतरणारा शेंबूड. लहान मुलाच्या एकाच नाकपुडीतून घाण वास आणि स्राव येत असेल, तर पोरानं नाकात चिंचोका, मणी किंवा खोडरबराचा तुकडा घातला नाही ना, हे कानानाकाच्या डॉक्टरांकडून आधी बघून घ्यावं. मधुमेह हाताबाहेर गेला की श्वासाला पिकलेल्या फळासारखा वास येतो. ती धोक्याची घंटा आहे, तडक रुग्णालय गाठावं. मूत्रपिंडं निकामी होऊ लागली की अमोनियासारखा वास येतो. यकृताच्या गंभीर आजारातही श्वास बदलतो. जुन्या वैद्य-डॉक्टरांना नुसत्या वासावरून अंदाज येई, तो उगाच नव्हे.

हे सगळं कळल्यावर मला आमची चाळ आठवली. सकाळी मोरीपाशी, कठड्यापाशी रांगेनं दात घासणारी माणसं. कुणी राखुंडी, कुणी कोळशाची पूड आणि मीठ, कुणी माकडछाप काळं मंजन. परळमध्ये पेंढारकरांनी १९५२ साली विको सुरू केल्यावर वज्रदंती आली, मग ट्यूबमधल्या पेस्ट आल्या. मंजनं बदलली. पण एक वस्तू जवळजवळ प्रत्येक घरात असे, ती मात्र हळूहळू नाहीशी झाली. ती म्हणजे जिभली. तांब्याची किंवा स्टीलची वाकवलेली पट्टी. आजोबा ती वापरताना असा आवाज काढत की शेजारच्या बिऱ्हाडातली माणसं जागी होत. आम्ही शिकलेली पोरं त्यांना हसलो आणि पुढे आमच्या मुलांनी जिभली पाहिलीच नाही. चरकसंहितेत सूत्रस्थानात जीभ खरवडण्याच्या पट्ट्या सोनं, रुपं, तांबं, कथील, पितळ यांच्या, वाकवलेल्या आणि बोथट कडांच्या असाव्यात असं सांगितलं आहे. आजचे दंतवैद्यही जीभ स्वच्छ करा असंच सांगतात. चांगली सवय आपण टाकली आणि त्या जागी रंगीत पाण्याच्या बाटल्या आणल्या.

त्या बाटल्यांचीही एक गोष्ट आहे. लिस्टरीन हे औषध १८७९ साली अमेरिकेत निघालं ते शस्त्रक्रियेत वापरायचं जंतुनाशक म्हणून. ब्रिटिश शल्यविशारद जोसेफ लिस्टर यांच्या नावावरून त्याचं नाव ठेवलं. पुढे १९२०च्या दशकात कंपनीनं 'हॅलिटोसिस' हा भारदस्त वैद्यकीय शब्द जाहिरातींत घोळवला. लग्न न जमणारी सुंदर मुलगी आणि तिचा तो दोष, जो जवळची मैत्रीणही तिला सांगत नाही, अशा धर्तीच्या त्या जाहिराती. खप बेसुमार वाढला. कंपनीनं एक गोष्ट अचूक हेरली होती. माणसं एकमेकांना सांगत नाहीत. त्या मौनावर तिनं धंदा उभा केला. मला राग येतो तो कंपनीचा नाही, त्या मौनाचा.

आता त्या माणसाची गोष्ट.

माझे धाकटे काका लालबागला राहत. गिरणीत साचाखात्यात होते. कापसाच्या धंद्यात आगीचं भय, म्हणून आत विडी ओढायची सोय नव्हती. त्यामुळे निम्म्या खात्याच्या गालात तंबाखूचा बार. काका सोळाव्या वर्षी गिरणीत लागले आणि सतराव्या वर्षी त्यांच्या कमरेला चंची लागली. १८ जानेवारी १९८२ला संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले, त्यांत काकाही होते. गिरणी गेली, चंची राहिली. पुढे ते रात्रपाळीचे वॉचमन झाले आणि जागं राहण्यासाठी बार दुप्पट झाले. काकू मशेरी लावत. भाजलेल्या तंबाखूची ती काळी पूड हिरड्यांवर चोळली की त्यांना बरं वाटे. दंतमंजनात आणि पेस्टमध्ये तंबाखू घालायला केंद्र सरकारनं १९९२ साली बंदी केली आणि १९९७ साली सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली. पण घरच्या तव्यावर भाजलेल्या मशेरीपर्यंत कुठला कायदा पोचणार?

१९९८च्या गणपतीत मी काकांकडे गेलो होतो. ते माझ्या शेजारी सतरंजीवर बसले, खांद्यावर हात ठेवून बँकेतल्या बढतीबद्दल विचारू लागले. त्यांच्या तोंडाला तंबाखूचा वास यायचाच, त्याची सगळ्यांना सवय होती. पण त्या दिवशीचा वास वेगळा होता. कुजकट, जखमेसारखा. आणखी एक गोष्ट मी पाहिली. मोदक ते अख्खा तोंडात घालू शकत नव्हते, बोटांनी तुकडे करून आत सारत होते.

मी काय केलं? थोडा मागे सरकलो.

पाच वर्षांपूर्वी माझ्यापासून जे लोक मागे सरकत, त्यांच्यावर मनातून चिडलेला मी. जीवाणूंपासून जिभलीपर्यंत सगळं वाचून बसलेला मी. मी म्हणू शकलो असतो, "काका, तोंड दाखवा बघू." पण सणाचा दिवस, घर माणसांनी भरलेलं, वयानं मोठा माणूस. त्यांना वाईट वाटलं असतं. बायकोनं मला दिलेलं कारण मीच स्वतःला दिलं आणि प्रसाद घेऊन निघालो.

पुढच्या वर्षी फेब्रुवारीत त्यांना टाटा रुग्णालयात नेलं. लालबागहून परळ म्हणजे पायी जाण्याचं अंतर. १९४१ साली सुरू झालेलं, देशभरातून माणसं जिथं येतात ते रुग्णालय काकांच्या घरापासून इतकं जवळ, आणि तिथं पोचायला त्यांना उशीर झाला. खालच्या गालात, जिथं ते बार धरत नेमके त्याच जागी व्रण होता, आणि तो मानेतल्या गाठींपर्यंत गेला होता. शस्त्रक्रिया झाली, शेकही झाले. २०००च्या दिवाळीआधी ते गेले. पाच महिने आधी आले असते तर वाचले असते का, हे मी डॉक्टरांना विचारलं नाही. उत्तर ऐकायची माझी तयारी नव्हती. पण तोंडाचा कर्करोग लवकर सापडला तर बरा होण्याची शक्यता कितीतरी जास्त असते, हे त्या रुग्णालयाच्या भिंतीवरच लिहावं इतकं साधं सत्य आहे.

आपल्या घरातल्या गॅसच्या सिलिंडरचं उदाहरण घ्या. त्यातल्या मूळ गॅसला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतो. त्यात मुद्दाम इथाईल मरकॅप्टन नावाचा घाणेरडा वास मिसळलेला असतो. तोंडात जो वायू तयार होतो, त्याचाच हा भाऊबंद. तो मिसळतात, कारण गळती झाली तर माणसांच्या लक्षात यावी. शेजाऱ्याच्या खोलीतून गॅसचा वास आला तर आपण काय करतो? त्याला वाईट वाटेल म्हणून नाक दाबून बसतो का? दार ठोठावतो. मग तोंडाच्या वासालाच हा न्याय का नाही? तो वास म्हणजे शरीरानं दिलेली सूचना आहे. ज्याच्यासाठी ती सूचना असते त्याच्या नाकाला तिची सवय होऊन गेलेली असते, म्हणून ती ऐकू येते फक्त शेजारच्याला. शेजारचा गप्प बसला की सूचना वाया गेली.

यावर कुणी म्हणेल, सरळ तोंडावर सांगणं म्हणजे अपमान. मान्य. कसं सांगावं याची रीत पाहिजे. चारचौघांत नको, थट्टेनं नको, भांडणात तर मुळीच नको. दोघंच असताना, आपलेपणानं, आणि सोबत पुढची वाट दाखवून सांगावं. "तुझ्या तोंडाला हल्ली वास येतो, हिरड्या दाखवून घे, मी येतो बरोबर." एवढंच वाक्य. साहेबानं कारकुनाला किंवा सुनेनं सासूला हे सांगणं अवघड आहे, हे मला कळतं. म्हणूनच ते ज्याला सोपं आहे त्यानं, म्हणजे नवऱ्यानं, बायकोनं, भावानं, मित्रानं चुकवू नये. आणि ज्याला सांगितलं त्यानं राग धरू नये. उलट, सांगणाऱ्याचे उपकार मानावेत.

याची दुसरी बाजूही सांगायला हवी. काही माणसांच्या तोंडाला वास नसतोच, पण तो येतो या भीतीनं ती खंगतात, तोंडावर हात धरून बोलतात, लग्नकार्याला जात नाहीत. अशा माणसाला "काही नाही रे" म्हणून वाटेला लावू नये. दंतवैद्यानं खरोखर काही नाही असं सांगितल्यावरही भीती जात नसेल तर मनाच्या डॉक्टरांची मदत घ्यावी. स्वतःची साधी परीक्षा करायची तर मनगट चाटून थोडं वाळू द्यावं आणि हुंगावं, किंवा चमच्यानं जिभेची मागची बाजू हलकेच खरवडून तो हुंगावा. २०२० साली करोनात तोंडाला मास्क लागले आणि कितीतरी लोकांना स्वतःचा श्वास आयुष्यात पहिल्यांदा कळला, हाही एक गमतीचा भाग.

उपचार काय? बहुतेकांच्या बाबतीत तो इतका साधा आहे की सांगताना संकोच वाटतो. रात्री झोपण्यापूर्वी आणि सकाळी, मऊ ब्रशनं, घाई न करता दोन मिनिटं दात घासावेत. ब्रशचे केस फाकले की, नाहीतर तीन-एक महिन्यांनी, तो बदलावा. दातांच्या फटी दोऱ्यानं किंवा त्यासाठी मिळणाऱ्या बारीक ब्रशनं साफ कराव्यात. टाचणीनं किंवा काडेपेटीच्या काडीनं कोरू नये. जीभ मागून पुढे, हलक्या हातानं खरवडावी. पाणी प्यावं. कवळी असेल तर रात्री काढून, घासून, पाण्यात ठेवावी. आणि कीटण एकदा दगडासारखं बसलं की ते ब्रशनं निघत नाही, दंतवैद्याकडूनच काढून घ्यावं लागतं. "दात साफ करून घेतले की सैल होतात" हा समज मी गिरगावपासून दादरपर्यंत ऐकला आहे. खरं उलट आहे. हाड आणि हिरडी आधीच झिजलेली असते आणि कीटणानं दात धरून ठेवल्यासारखे वाटतात, इतकंच. क्लोरहेक्झिडिनच्या गुळण्या डॉक्टरांनी सांगितल्या तर सांगितले तेवढेच दिवस कराव्यात. जास्त काळ केल्या तर दातांवर डाग पडतात आणि चवही बदलते.

खर्चाची अडचण असेल तर मुंबईकरांचं नशीब थोर आहे. मुंबई सेंट्रलला महापालिकेचं नायर दंत महाविद्यालय आहे, सीएसएमटीजवळ सेंट जॉर्ज रुग्णालयाच्या आवारात शासकीय दंत महाविद्यालय आहे. रांगेत बसावं लागेल, पण खासगी दवाखान्यापेक्षा बऱ्याच कमी पैशांत काम होईल.

आणि तंबाखू, मशेरी, सुपारी, गुटखा. महाराष्ट्रात गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे, तरी रस्त्याच्या कडेच्या पुड्या आणि भिंतींवरच्या लाल पिचकाऱ्या वेगळंच सांगतात. खाणाऱ्याच्या तोंडातला दोन-तीन आठवड्यांत न भरणारा व्रण, पांढरा किंवा लाल चट्टा, तोंड उघडायला होणारा त्रास, वासात झालेला बदल यांपैकी काहीही दिसलं की मुहूर्त बघत बसू नये.

माझ्या भाचीला आता स्वतःचं मूल आहे. मागच्या भाऊबीजेला तिला मी तो जुना प्रसंग सांगितला, तर तिला काही आठवत नव्हतं. धपाटाही नाही. ती एवढंच म्हणाली, "मामा, आता काय, येतो का वास?" आणि माझ्या तोंडाजवळ वाकली. मग हसून म्हणाली, "चहाचा येतोय."

झाकली मूठ सव्वा लाखाची असेल. झाकल्या तोंडाचा हिशेब मात्र नेहमी तोट्यातच जातो. लालबागच्या त्या खोलीत यंदाही गणपती बसला. दर्शनाला गेलो की मी अजून त्याच भिंतीशी बसतो, आणि दर वेळी एक वाक्य ओठांशी येतं. ते ऐकायला आता काका नाहीत. तुमच्या घरी कुणी असेल, तर आजच सांगून टाका.